चिन्याला, कालच्या फोननंतर

चिन्या,

काल मी "घाबरतोस तू" म्हणाले आणि तू फोन ठेवलास, ठीकच केलंस. पिस्तूल मारताना हात दचकणं, म्हणजे फ्लिंच, हा घाबरटपणा नाही हे मला पक्कं माहीत असूनही तोंडातून गेलं. अरे, कानाशी एवढा आवाज होणार हे शरीराला एकदा कळलं की ते तुला न विचारताच दचकतं, पापणी मिटते, मनगट दबतं आणि गोळी सुटायच्या आतच नळी झुकलेली असते. म्हणून तर फोटोतल्या टार्गेटवर तुझा सगळा ग्रुप, गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, खाली डावीकडे, उजव्या हाताने मारणाऱ्यांचं हे नेहमीचं. एअर पिस्तूलला धक्का जवळजवळ नसतोच, तीन वर्षं निभावलं, पॉइंट टू टूच्या, खऱ्या गोळीच्या पिस्तुलावर दिसलं. फक्त नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवून ग्रुप मधे आणू नकोस हं, ते म्हणजे चूकच झीरो करून ठेवणं, पिस्तूल चुकीलाच जुळवून घेणं.

रूमवर ड्राय करतोस ना, गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव? मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर रिकामं आहे ना ते बघायचं. माहितीये तुला, तरी लिहिलं.

आता सरांना सांग, मॅगझिन त्यांनी भरायचं आणि मधेच एखादी डमी, नकली गोळी, टाकायची, तुला न सांगता. डमीवर नुसतं क्लिक होतं, धक्का नाही, काही नाही, तरी फ्रंट साइट खाली बुडते, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस की मी शंभर वेळा सांगून जे होणार नाही ते होईल. पण क्लिक झालं म्हणजे डमीच असं धरू नकोस, खरी गोळी उशिराही सुटू शकते, नळी टार्गेटकडेच ठेव आणि तीसपर्यंत मोज, मगच स्लाइड ओढ. कानातल्या प्लगवर कान झाकणारे मफ घाल, दोन्ही, फ्लिंचमधला अर्धा भाग आवाजाचाच असतो असं माझं मत आहे. ट्रिगर हळूहळू दाबत राहायचा, शॉट कधी सुटेल ते तुलाही कळता कामा नये. आणि दमलास की थांब, दमल्यावर मारलेल्या शंभर गोळ्या फ्लिंचच पक्का करतात.

बघ, झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

ड्राय करताना गोळ्या त्या खोलीतच नकोत. एकही नको.

कॅलेंडरमागच्या भोकाबद्दल तू लहानपणी विचारायचास आणि बाबा खिळ्याचं म्हणायचे. ते माझं आहे. ड्राय संपवून मी मॅगझिन भरलं, तेवढ्यात फोन आला, बोलून परत आले आणि अजून एकच म्हणून ट्रिगर दाबला. तू पलीकडच्या खोलीत झोपला होतास. उठलासुद्धा नाहीस. त्यानंतर दोन महिने रेंजवर फायरिंग लाइनवर उभी राहिले, पण ट्रिगरवर बोट गेलं की हात स्वतःहून खाली जायचा, आणि मी कुणाला सांगितलं नाही, ना सरांना ना बाबांना, खांदा दुखतो म्हणून सोडलं.

तू मात्र दुसऱ्याच आठवड्यात स्वतःहून फोन करून सांगितलंस, आई माझा हात दचकतोय. त्यावर मी काय म्हणाले ते आठवलं की रात्रभर झोप लागत नाही.

उद्या ड्रायला बसायच्या आधी मेसेज टाक. मोठा नको, नुसतं "बघितलं" एवढंच.

आई