मुक्ता, रिपोर्ट पाहिला

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट रात्री मोठा करून नीट पाहिला. हिमोग्लोबिन 8.9. खाली तू लिहिलंस, ‘सगळ्याच पोरींचं कमी असतं गं.’ असतं, आरोग्य उपकेंद्रात मी रोज तेच बघते. पण सगळ्यांचं कमी आहे म्हणून तुझं चालेल असं नाही. तुझ्या वयाला 12 तरी हवं. जिना चढताना धाप लागते, लेक्चरला डोकं जड होतं, केस गळतात, हे तू सबमिशनच्या ताणावर ढकलतेस. जरा आरशासमोर उभी राहा आणि खालची पापणी ओढून बघ. आतून लालसर दिसायला हवी. तुझी पांढरट दिसेल.

एमसीव्हीसमोर 68 लिहिलंय, म्हणजे रक्तातल्या पेशी लहान आहेत. बहुतेक लोहच कमी पडतंय, पण डॉक्टरांना फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा कळतो ती तपासणी) आणि बी12 करायचं का ते विचार. पाळी सात दिवसांवर जाते का, दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, हेही त्यांना सांग. यात लाजायचं काही नाही. कित्येक मुलींचं रक्त तिथेच जातं आणि कुणी विचारत नाही.

गोळी दिली की रोज घ्यायची. चहा गोळीच्या आधी-नंतर दोन तास नको, दूधही नको. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर लोह चांगलं शोषलं जातं. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. मळमळलं तर जेवल्यावर घे, पण बंद करू नकोस. महिन्याभरात तरतरी येते आणि पोरी गोळ्या सोडून देतात, हे मला नेहमी दिसतं. हिमोग्लोबिन 12 झाल्यावरही तीन महिने चालू ठेवायची, कारण अंगातला साठा भरायला वेळ लागतो.

मैत्रिणी बीट आणि गूळ खा म्हणतील. खा, पण 8.9 चे 12 नुसत्या बिटाने होत नाहीत. मेसची आमटी पातळ असते हे मला माहीत आहे. म्हणून खोलीवर फुटाणे ठेव, मटकीला मोड आण, पोह्यांवर लिंबू पिळ. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर कॉलेज गाठायचं आणि दुपारी वडापाव, हे आता पुरे.

सदाशिव पेठेतल्या तुमच्या खोलीत पाण्याचा ड्रम असतो ना? आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून घासा. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ताप आला तर पॅरासिटामोल घ्यायची. मेडिकलवाल्याने आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन दिली तर घेऊ नकोस, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला म्हणून लगेच कॉलेजला पळू नकोस. पोट दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हे बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतं.

तुझी मैत्रीण धायरीला राहते, तिला पाणी उकळून प्यायला सांग. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडच्या भागात गुलियन बॅरेचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, रुग्ण निघाले ते आठवत असेल. जुलाब होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढवेना, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

परीक्षेच्या दिवसांत तुझा आवाज फार खोल जातो, मुक्ता. रात्री दोनपर्यंत जागून काय लक्षात राहतं? मन फारच बसलं आणि मला सांगवलं नाही, तर 14416 वर फोन कर. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मला सांगितलंस तर मी सगळं सोडून येईन, हेही ध्यानात ठेव.

शनिवारी मामा पुण्याला येतोय. त्याच्याकडे अळिवाचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे देते, खोलीतल्या सगळ्यांना पुरतील एवढे. एका महिन्याने परत सीबीसी, म्हणजे हीच रक्ततपासणी, कर आणि त्याच दिवशी फोटो पाठव.

तुझी,
आई