स्वयंपाकघराच्या भिंतीवरची नोटीस

डिचोली,
१९ एप्रिल

प्रिय सुहास,

दोन महिने तुला उत्तर नाही, रागावला असशील. तब्येत ठीक. आज लिहितोय ते तुमच्या घरासाठी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंचायतीची काम थांबवण्याची नोटीस लागलीय.

ठेकेदार म्हणतो, "दुरुस्तीच आहे." दुरुस्ती नाही रे! कुजके वासे नि रिपा बदलून त्याच उंचीवर मंगळुरी कौलं चढवली असती तर गोष्ट वेगळी होती. त्याने मागची भिंत दोन फूट वाढवून स्लॅबच्या सळया बांधल्यात. गोवा पंचायत राज कायदा १९९४, कलम ६६: घरात फेरफार किंवा वाढ करायची तर पंचायतीची लेखी परवानगी आधी हवी. घरपट्टीची पावती दाखवून भागत नाही, ती फक्त कर भरल्याचा पुरावा.

गेल्या चतुर्थीला आपण यावरूनच भांडलो, तू स्लॅब, मी कौलं. काकींनी मोदक वाढले म्हणून थांबलो. पण ती भिंत मातीत रचलेल्या चिऱ्यांची आहे. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोंवर जातं. कौलं-वासे मिळून त्याच्या पावपटही नाही. सांध्यात बोट घातलं की मातीचा भुगा पडतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी भेग वर निघालीय. मला नोटिशीपेक्षा त्या भेगेची धास्ती वाटते.

आता काम बंदच ठेव. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर दे आणि आपल्या प्रतीवर पंचायतीचा आवक शिक्का घे. तोंडी बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही. वाढवलेली भिंत उतरव, टेप लावून फोटो काढ. मग कौलांच्या दुरुस्तीचा अर्ज कर: एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा), सर्व्हे प्लॅन, जुने फोटो, इंजिनिअरच्या सहीचा आराखडा, हिस्सेदारांची ना हरकत. उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, खोळंबा तिथेच होईल. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणून काकींची, तुझी आणि वहिनीचीही सही घे. पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर पुढच्या ३० दिवसांत उपसंचालकांकडे अपील करता येतं. स्लॅबच हवा असेल तर नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागेल, आणि खालून नवे खांबही.

पाहणीला येणारा माणूस भिंतीची उंची आणि हद्दीपासूनचं अंतर मोजणार. आराखडा हाताशी ठेव. ठेकेदाराला बोलायला पुढे करू नकोस.

तुझी बदली झाली का? चिन्मयीचा निकाल कळव.

पावसाला जेमतेम दीड महिना उरलाय. वीस चौरस मीटरला तीनशे कौलं लागतात. उतरवलेल्यांत ऐंशी फुटलीत. उरलेली आडवी रचली होती, खालची तडकत होती, म्हणून अंगणात कडेवर उभी करून ठेवलीत. काकींची चूल सध्या पडवीत आहे.

तुझा,
विनय