आठ दिवसांत सहा शहरं? एकट्या माणसाला ही घाई कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानला एकट्यानं जाणाऱ्यांसाठी एक लेख आला होता. टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा आणि हे सगळं आठ दिवसांत. लेखाची भाषा चांगली, फोटोही छान. पण यादी वाचताना टूरवाल्याचं पत्रकच हातात आहे असं वाटत होतं. क्रम तोच, मुक्काम तेच, फक्त बसमधली चाळीस माणसं खाली उतरवलेली. जायचं एकटीनं आणि फिरायचं त्या चाळीस जणांच्या सोयीनं, याला काय अर्थ आहे?

माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नशॉप आहे, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा काढतात ते लाकडी नमुने आम्ही बनवतो. सासऱ्यांनी काढलं, मालकांनी वाढवलं, त्यांच्या पश्चात मी चालवते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना आमचे पॅटर्न जातात. मुलगी पुण्यात नोकरीला, तिला रजा मिळेना. मैत्रिणींचे गुडघे बोलायला लागलेत. म्हणून एकटी गेले, त्यात पराक्रम काही नाही. शहरं ठरवताना मात्र कुणाचंच मन राखायचं नव्हतं. मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की ओतकाम कुठं बघायला मिळेल?

उत्तर निघालं ताकाओका, कानाझावा शहराजवळचं गाव. आपल्या लेखात या गावाचं नाव नाही, टूरवाल्यांकडंही नसतं. १६०९ मध्ये माएदा तोशिनागा या सरदारानं तिथं किल्ला बांधला आणि १६११ मध्ये सात ओतारी बोलावून त्यांना कानायामाची या पेठेत जागा दिली. किल्ला १६१५ मध्येच मोडीत निघाला, ओतारी राहिले. (अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवून घेणाऱ्या शाहू महाराजांच्या गावाला, राजानं कलावंत का बोलवायचे हे वेगळं सांगायला नको.) जपानमधल्या देवळांच्या घंटा, बुद्धमूर्ती, फुलदाण्या यांचं बहुतांश ओतकाम आजही याच गावात होतं. त्या जुन्या पेठेत जाळीदार लाकडी घरांची अख्खी गल्ली उभी आहे. गावात जवळपास सोळा मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध बसलाय, १९३३ साली पूर्ण झालेला, गावातल्याच कारागिरांनी ओतलेला.

तिथंच नोसाकू नावाचा १९१६ पासूनचा कारखाना आहे. आधी नोंदणी केली तर आतून दाखवतात. दारातून आत शिरलात की समोर लाकडी पॅटर्नच पॅटर्न मांडलेले. आमच्याकडं असले जुने पॅटर्न माळ्यावर वाळवी खाते, नाहीतर थंडीत शेकोटीला जातात. तिथं पाहुण्यांना वाळूचा साचा भरून कथलाची वस्तू ओतू देतात. कथील २३२ अंशांवरच वितळतं, त्यामुळं नवख्या माणसाकडूनही करून घेता येतं. मी वाळू दाबायला घेतली तसा शिकवणारा पोरगा माझ्या हातांकडं बघत राहिला आणि हळूच बाजूच्या बाईंना मदत करायला निघून गेला. भाषेची अडचण येईल म्हणून मला लोकांनी केवढी भीती घातली होती!

मुक्कामाला मात्र ताकाओका घेऊ नका. संध्याकाळी गाव लवकर मिटतं आणि एकट्या माणसाला ती वेळ अंगावर येते. मुक्काम कानाझावात ठेवावा. तिथून शिन-ताकाओका स्टेशन शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, पाव तासावर आहे. टोकियोकडून येणार असाल तर लक्षात ठेवा, सगळ्यात वेगवान ‘कागायाकी’ गाडी एरवी तिथं थांबत नाही, ‘हाकुताका’ धरावी लागते.

कानाझावाबद्दल लिहायचं ते जेवणाचं. आपल्याकडं खानावळीत एकट्या बाईनं ताट मागवलं की वाढपी विचारतो, “आणखी कोण येणार हाय?” जपानमध्ये काउंटरसमोर ओळीनं खुर्च्या असतात, एकेकटी माणसं येतात, खातात, उठतात. रामेनच्या (रश्श्यातल्या नूडल्सच्या) बऱ्याच दुकानांत दाराशीच मशिनमध्ये पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, ती काउंटरवर ठेवायची, बोलायचंसुद्धा काम नाही. कानाझावाच्या ओमिचो बाजारात मासळीच्या गाळ्यांना लागूनच अशी दुकानं आहेत. भातावर कच्च्या माशाचे काप. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला ते पहिल्या घासाला फिकं लागतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात होते.

शाकाहारी मंडळींचा हिशेब वेगळा. तिथं साध्या भाजीच्या रश्श्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. त्यांनी क्योटो जास्त दिवस ठेवावं. तिथं बौद्ध मठांच्या पद्धतीचं, मांस-मासळी नसलेलं जेवण मिळतं आणि टोफूचे प्रकारही भरपूर.

कानाझावा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलं, म्हणून जुने मोहल्ले शाबूत आहेत. जपानचा जवळपास सगळा सोन्याचा वर्ख तिथंच बनतो. हुपरीच्या चांदीवाल्यांनी एकदा तरी तो ठोकताना बघावा. केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून झाडांच्या फांद्यांना दोऱ्यांचे तणावे बांधायला घेतात, बर्फाच्या ओझ्यानं फांदी मोडू नये म्हणून. पाऊस मात्र आपल्या गगनबावड्याची आठवण करून देईल असा. स्टेशनसमोरचा तो काचेचा प्रचंड घुमटसुद्धा, उतरणाऱ्या पाहुण्यावर छत्री धरावी या कल्पनेनं बांधलाय.

आता आपल्या लेखातल्या, जपानभर चालणाऱ्या रेल्वे पासाबद्दल. ‘पास काढाच’ असं त्यात ठासून लिहिलंय. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ते बरोबर होतं. तेव्हा सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला होता, मग तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट १४,००० येनच्या आसपास. जाऊन-येऊनसुद्धा पास वसूल होत नाही. तो वसूल करायच्या नादातच माणसं आठ दिवसांत सहा शहरं करतात. त्यापेक्षा टोकियोला उतरावं, होकुरिकु मार्गानं कानाझावा गाठावं, पुढं त्सुरुगापर्यंत शिनकानसेन (हा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला), तिथं गाडी बदलून क्योटो-ओसाका, आणि परतीचं विमान ओसाकाहून. आल्या वाटेनं परत जायचं नाही. या कमानीसारख्या वाटेसाठी परदेशी प्रवाशांना वेगळा पासही मिळतो. मोठी बॅग एका हॉटेलातून दुसऱ्या गावच्या हॉटेलात कुरिअरनं पाठवता येते. एकटीला जिन्यावर बॅग धरायला कुणी नसतं, तेव्हा हा खर्च करावा.

क्योटोत मी राहिले नाही. रागावू नका. २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे आले आणि त्यातले निम्मे माझ्यासमोरच क्योटोच्या सिटी बसमध्ये चढत होते असं वाटायचं. क्योटोच्या गिओन या जुन्या भागातल्या खासगी गल्ल्या तर तिथल्या लोकांनी २०२४ मध्ये पर्यटकांना बंद केल्या, शिरलात तर १०,००० येन दंडाची पाटी. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी वाडी रत्नागिरीला घर असलेल्या माणसाला विचारा, त्यांचं बरोबर आहे. मी नारात राहिले. क्योटो तिथून रेल्वेनं पाऊण तासावर. सकाळी लवकर जावं, सांजुसान्गेन्दो मंदिरातल्या १००१ कान्नोन (म्हणजे अवलोकितेश्वर) मूर्ती आणि त्यांच्या राखणीला उभे असलेले आपले इंद्र, गरुड बघावेत आणि दुपारनंतर माघारी फिरावं. दिवसभराची गर्दी बसनं परत गेली की नारा तुमचंच असतं.

नारात तोदाइजी मंदिरातला ब्राँझचा बुद्ध आहे. लोक पाच मिनिटं फोटो काढतात आणि हरणांना बिस्किटं घालायला पळतात. मी तिथं अर्धा दिवस बसले. ७४३ मध्ये सम्राट शोमूनं हुकूम काढला, ७४७ ते ७४९ मध्ये ओतकाम झालं. पंधरा मीटर उंच मूर्ती एका दमात ओतणं शक्यच नव्हतं. आधी मातीची मूर्ती केली. तिच्यावरून बाहेरचे साचे तुकड्या-तुकड्यांनी काढले. मग मूळ माती जाडीएवढी तासली, म्हणजे आमच्या भाषेत कोअर (आतला गाभा) तयार झाला, आणि मधल्या पोकळीत धातूचा रस सोडला. पायथ्यापासून वर असे आठ टप्पे. एक टप्पा थिजला की भोवती मातीचा भराव चढवायचा, त्यावर भट्ट्या मांडायच्या आणि पुढचा टप्पा ओतायचा. सुमारे ५०० टन तांबं लागलं म्हणतात. इंडक्शन फर्नेस, तापमान मोजायचं यंत्र, काही नाही. ८५५ मध्ये भूकंपात डोकं पडलं. ११८० आणि १५६७ मध्ये आगी लागल्या. आज दिसतं ते डोकं सतराव्या शतकातलं, खालच्या कमळाच्या काही पाकळ्या मात्र आठव्या शतकातल्याच. आणि ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी केला तो भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूनं. टूरच्या गाइडनं हे सांगितलं असतं का, मला शंका आहे.

नाराजवळच जोरुरिजी मंदिर आहे. तिथं किचिजोतेनची रंगीत लाकडी मूर्ती आहे, म्हणजे आपली लक्ष्मी. वर्षभर दर्शन नसतं; ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असतं. अंबाबाईच्या गावच्या माणसानं जावंच. अंबाबाई की महालक्ष्मी, हा वाद तेवढा इथं ठेवून जावं.

हिरोशिमालाही जा, पण धावत नको. मला तिथं ट्रामनं धरून ठेवलं. युद्धात पुरुष आघाडीवर गेले म्हणून ट्राम कंपनीनं १९४३ मध्ये मुलींसाठी शाळा काढली आणि त्या कोवळ्या पोरी ट्राम चालवायला लागल्या. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला. ९ ऑगस्टला एका टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. बॉम्बहल्ल्यातून उरलेल्या घुमटाजवळच्या थांब्यावर मी दोन-तीन ट्राम सोडून दिल्या.

राहण्याचं एक सांगते. जुन्या पद्धतीच्या र्‍योकानांपैकी (म्हणजे तिथल्या पाहुणघरांपैकी) बरीच एकट्या पाहुण्याला घेत नाहीत किंवा जादा पैसे लावतात. बिझनेस हॉटेलात एकट्याच्या खोल्याच जास्त. खोली लहान, पण स्वच्छ, आणि बहुतेक ठिकाणी कपडे धुवायचं मशिन. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर २९ एप्रिल ते ५ मे टाळा, तेव्हा सगळा जपान सुट्टीवर असतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

माझी यादी सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. गंगावेश तालमीतल्या पोरानं जायचं झालं तर त्यानं सुमोचं वेळापत्रक बघून शहर ठरवावं. पंधरा दिवसांची मैदानं वर्षातून सहा होतात: जानेवारी, मे, सप्टेंबरला टोकियो, मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यानं क्योटोच्या निशिजिन विणकरांच्या भागात दिवस काढावा, मग गर्दीचं मी बोलले ते विसरावं. पुरवणीत अशा धंद्यावरून, छंदावरून काढलेल्या वाटा छापता आल्या तर बघा. आणि त्या लेखकांना माझा एक निरोप द्या: आठ दिवसांत सहा शहरं केलीत, तर कपडे कुठं आणि कधी धुतलेत, तेवढं एकदा कळवा.

आपली,
एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)