‘कर्जदार’ या शब्दात जामीनदार पण येतो?

संपादक महोदय,
स.न.

मी हायस्कूलला शिक्षक आहे. २०१९ ला आमच्या स्टाफमधल्या एका सरांना ४ लाखाच्या कर्जाला मी जामीन राहिलो, सुट्टीत पतसंस्थेत गेलो, क्लार्कने जिथं सही करायची तिथं पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या, सर इथं, इथं आणि इथं, पाच मिनिटात काम झालं आणि चहा पिऊन परत तासाला. मागच्या वर्षी सरांचे हप्ते थकले आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, त्यात दोघांचीही नावं, आणि कपात सुरू झाली ती माझ्या पगारातून!

मग करारनामा मागितला. कॉपी मिळायला दीड महिना लागला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात व्याख्या आहेत, तिथं लिहिलंय की ‘कर्जदार’ या संज्ञेत जामीनदार व त्याचे वारस यांचाही समावेश राहील. म्हणजे पुढं जिथं जिथं कर्जदार शब्द येतो तिथं तिथं मी आहेच, आणि मी मात्र समजत होतो की आधी त्यांचं घरदार बघतील, नाहीच जमलं तर माझ्याकडं येतील. करार कायद्यात, १८७२ चा आहे तो, कलम १२६ मध्ये जामीनदार आणि मूळ ऋणको वेगळे सांगितलेत हे खरं, पण कलम १२८ म्हणतं की करारात वेगळं काही नसेल तर जबाबदारी दोघांची सारखीच, आणि आधी कर्जदाराकडून वसूल करा असा हट्ट जामीनदाराला धरता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६८ लाच सांगितलंय. हे सही करायच्या आधी किती जणांना माहीत असतं?

अजून एक. जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यापुढच्या व्यवहारापुरता तो सुटतो, असं कलम १३३ आहे. सरांना मधे मुदत वाढवून दिली, हप्ता बदलला, मला कुणी विचारलं नाही. पण हा हक्क सोडल्याची ओळ पण त्याच करारात आहे आणि खाली माझी सही!

आता जे भरतोय ते कलम १४५ प्रमाणे सरांकडून मागता येतं, म्हणून प्रत्येक महिन्याची पगारस्लिप फाईलला लावतोय. सरांवर राग नाही, त्यांच्या घरच्या आजारपणात सगळंच गेलं.

माझी विनंती सहकार खात्याला आणि रिझर्व्ह बँकेला आहे. व्याख्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात मराठीत द्या, कर्जदार कोण, सहकर्जदार कोण, जामीनदार कोण आणि तो किती रकमेपर्यंत बांधलेला आहे, रकमेचा रकाना कोरा ठेवून सही घेऊ नका. कराराची कॉपी जामीनदाराच्या हातात त्याच दिवशी द्या आणि पहिला हप्ता थकला की त्याला मेसेज करा, बारा हप्ते तुंबल्यावर नोटीस पाठवून काय उपयोग. एका हप्त्याला मी सरांच्या घरी जाऊन बसलो असतो, काहीतरी मार्ग निघाला असता.

आपला,
एक जामीनदार शिक्षक, जि. सातारा