आधीच मिसळू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला घरगुती स्टुडिओवरचा लेख वाचला. मॉड्युलर सिंथेसायझरचे (सुटे भाग केबलींनी जोडून आवाज तयार करणारं यंत्र) सगळे आवाज छोट्या मिक्सरवर एकत्र करून स्टिरिओत एकदाच रेकॉर्ड करा, हा त्यातला सल्ला नवख्यांना महागात पडेल. कुडाळ-सावंतवाडीकडे मी दशावताराचं साउंड सांभाळतो. पावसाळ्यात नाटकं बंद, तेव्हा भाच्याच्या मॉड्युलरचं रेकॉर्डिंग माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून लिहितो.

या यंत्राला 'सेव्ह'चं बटण नसतं. केबली उपटल्या, चार नॉब हलले, की तो आवाज गेलाच. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा असाच सिंथेसायझर बसवला गेला. तिथलं काम आज ऐकता येतं ते टेपा उरल्या म्हणून. किक (ढोलासारखा ठोका), बास (खालचे जाड सूर) आणि वरची सुरावट एकदा स्टिरिओत मिसळली की नंतर नुसता बास खाली आणता येत नाही. पायपेटी आणि मृदंग एकाच माइकवर घेतले तर आमचा पेटीवाला कुरकुरतो, ते उगाच नाही. प्रत्येक आवाजाला स्वतंत्र ट्रॅक द्या, रिव्हर्बही (घुमारा) कोऱ्या आवाजापासून वेगळा घ्या. इंटरफेसला (सिंथ लॅपटॉपला जोडणारा डबा) दोनच इनपुट असतील तर बास एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे.

लेखात लेव्हलबद्दल चकार शब्द नाही. युरोरॅकचा, म्हणजे आजच्या बहुतेक मॉड्युलरचा, आवाज साधारण १० व्होल्ट पीक-टू-पीक (लहरीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) निघतो. स्टुडिओची नेहमीची लाइन लेव्हल (+४ डीबीयू) त्याच मापाने जेमतेम साडेतीन व्होल्टची. माइक इनपुटला तो लावायचाच नाही. लाइन इनपुट घ्या, गेन (इनपुटचा आवाज वाढवणारा नॉब) पार खाली ठेवा, तरी लाल दिवा लागला तर सिंथमध्येच अटेन्युएटरने (आवाज कमी करणारा नॉब) उतरवा. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये पीक, म्हणजे आवाजाची वरची टोकं, -१२ डीबीच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास ठेवले तरी खरखर वर येत नाही. फिल्टरचा रेझोनन्स (ठरावीक सुरांना दिलेला उठाव) वाढवला की आवाज एकदम उसळतो, त्याला तेवढी जागा लागतेच. डिजिटलमध्ये क्लिप झालेलं, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेलं, सरळ होत नाही.

आपल्याकडची खारी हवा वेगळीच. जॅकवर हिरवट थर चढतो, केबल जरा फिरली की कर्रकर्र. सुटा ट्रॅक असेल तर तेवढाच तुकडा कापता येतो. हम (सततचा घूं आवाज) येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

लेखकांनी पुढच्या भागात इंटरफेसच्या किमती छापताना लाइन इनपुट किती लेव्हल झेलतो तेही छापावं. माहितीपत्रकात 'कमाल इनपुट लेव्हल' म्हणून तो आकडा असतो. दुकानदार आपणहून सांगत नाहीत.

– एक साउंडवाला, कुडाळ