गोळ्यांच्या डब्याशेजारच्या बाटल्यांविषयी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की हळदीच्या कॅप्सूल वनस्पतीपासूनच केलेल्या असतात, मग त्या घ्यायला हरकत काय? पाठोपाठ आईने सांधेदुखीवर कोणीतरी सुचवलेल्या चूर्णाबद्दल विचारले. दोन्ही प्रश्न फोनवर दोन वाक्यांत संपवण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्या समोर ठेवून, फार्मासिस्टशी बोलून आणि शक्य तितके नीट वाचून जे समजले, तेच खाली मांडले आहे.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही, हे आधीच सांगते, कारण फोनवर माझा सूर तसा वाटला असण्याची शक्यता आहे. माझे म्हणणे इतकेच की एखादी वस्तू नैसर्गिक आहे की नाही, यावरून ती आपल्याला मानवेल की नाही हे कळत नाही. विचारायला हवे ते असे की तिची मात्रा किती आहे आणि आधीपासून चालू असलेल्या कोणत्या औषधांच्या जोडीने ती पोटात जाणार आहे. तुमच्या वयात आणि तुमच्या औषधांच्या बाबतीत यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

वनस्पतींत गुण असतात, याची साक्ष आधुनिक औषधशास्त्रच देते. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लव्ह या वनस्पतीचे अंगावरच्या सुजेवर होणारे परिणाम तपशीलवार लिहून ठेवले आणि त्यातूनच हृदयविकारावरचे डिजिटॅलिस वापरात रुळले. पण त्याच पानांची मात्रा थोडी जास्त झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हेही विदरिंग यांनीच नोंदवले होते. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन एका रानटी झुडपातून वेगळे करणाऱ्या थू योयो यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कोलेस्टेरॉलसाठी विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळात मोनाकोलिन के नावाचे द्रव्य असते, आणि ते रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन या औषधापेक्षा मुळीच वेगळे नाही. ज्याला डॉक्टरांनी आधीच स्टॅटिनची, म्हणजे याच गटातल्या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची, गोळी दिली आहे, तो हे नैसर्गिक पूरक घेऊ लागला तर नकळत दुहेरी मात्रा घेत असतो. ज्या वस्तूत गुण आहे तिच्यात अपाय करण्याची ताकदही असते, आणि जिच्यात काहीच ताकद नाही ती घेऊन उपयोग नाही.

आता बाबांच्या कॅप्सूलबद्दल. बाबा, हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे तुम्हाला वॉरफरिन चालू आहे. रक्त गोठण्यासाठी शरीराला के जीवनसत्त्व लागते. वॉरफरिन त्याच कामात अडथळा आणते, म्हणून गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गोठण्याची क्षमता फार कमी झाली तर रक्तस्राव आणि पुरेशी कमी झाली नाही तर गुठळी, अशा अरुंद पट्ट्यात हे औषध काम करते, आणि म्हणूनच तुमची आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याच्या मापाची, तपासणी वारंवार करावी लागते. हळदीचा किंवा लसणाचा अर्क मोठ्या मात्रेत घेतल्यास, तसेच गिंको या झाडाच्या पानांचा अर्क घेतल्यास, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल मी बोलत नाही, ती निश्चिंतपणे खा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातले मुख्य गुणकारी द्रव्य, वजनाच्या साधारण ३ टक्के असते, तर कॅप्सूलमधला अर्क बहुधा ९५ टक्के कर्क्युमिनचा असतो. पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलइतके कर्क्युमिन मिळवायला पंधरा-सोळा ग्रॅम हळद खावी लागेल, आणि तितकी हळद कोणीही रोज खात नाही. शिवाय कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही म्हणून पुष्कळ कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पायपरिन घालतात. पायपरिनमुळे काही औषधांचे शरीरात विघटन होण्याचा वेगही बदलतो. अशा उत्पादनांनंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणे इटलीत २०१९ मध्ये नोंदली गेली आणि पुढे इतर देशांतही आढळली. असे प्रत्येकाच्या बाबतीत घडत नाही, पण वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने हा धोका पत्करण्याइतका त्या कॅप्सूलचा फायदा सिद्ध झालेला नाही.

याच संदर्भात पालेभाज्यांचा गैरसमजही काढून टाकू या. वॉरफरिन चालू असताना पालेभाज्या वर्ज्य असतात, असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे, पण त्या बंद करायच्या नसतात, त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवायचे असते. एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, असे झाले की आयएनआर खालीवर होतो आणि डॉक्टरांना उगाच गोळीची मात्रा बदलत बसावी लागते.

आई, तुझ्या गोळ्यांच्या डब्याकडे मी गेल्या खेपेस नीट पाहिले. सकाळच्या खणात थायरॉइडची बारीक गोळी आणि कॅल्शियमची जाडजूड गोळी एकमेकींना चिकटून ठेवलेल्या होत्या, आणि त्या तू एकाच घोटाबरोबर घेतेस. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, बांधून ठेवते, त्यामुळे थायरॉक्सिनचा काही भाग रक्तात न शिरताच बाहेर पडतो. मग रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक, वाढलेला दिसतो, गोळी कमी पडते असे वाटून मात्रा वाढवली जाते, आणि मूळ कारण त्या खणातच राहते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी. तुझी गोळी कॅल्शियम कार्बोनेटची आहे, आणि तो प्रकार जेवणाबरोबर चांगला शोषला जातो, तेव्हा ती रात्रीच्या जेवणाच्या खणात हलवणे सोयीचे होईल. मात्र हा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगायला हवे, कारण थायरॉक्सिन नीट शोषले जाऊ लागल्यावर आत्ताची मात्रा जास्त ठरू शकते आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा लागेल.

पूरक गोळी खरोखर हवी असते असेही प्रसंग असतात, आणि तुझ्या पायांना येणाऱ्या मुंग्या त्यातलाच एक असण्याची शक्यता मला वाटते. साखरेसाठीचे मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. पित्ताची गोळी दीर्घकाळ घेतल्यानेही तसेच होते. मुंग्या मधुमेहामुळेही येतात, त्यामुळे अंदाजाने गोळी सुरू करू नकोस, पण बी-१२ची तपासणी करून घ्यायची का, हे डॉक्टरांना या भेटीत अवश्य विचार. कमतरता निघाली तर ती भरून काढलीच पाहिजे, कारण ती फार काळ राहिली तर नसांना झालेली इजा पूर्ण भरून येईलच असे नाही.

ड जीवनसत्त्वाचेही तसेच. कमतरता असेल तर ते औषध आहे. पण ते चरबीत साठते, जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही. सत्तरीनंतर रोजची गरज साधारण ८०० युनिट आणि प्रौढांसाठी देखरेखीशिवाय घेण्याची वरची मर्यादा ४००० युनिट मानली जाते. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची मात्रा चुकून रोज घेतल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, अतिशय तहान, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल गेलेल्या माणसांची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बाबांच्या चिठ्ठीवर ही मात्रा आठवड्याला एकदाच आणि ठरावीक आठवड्यांपुरती लिहिलेली आहे; ती मुदत संपल्यावर पुढचे पाकीट आपणहून आणायचे नाही.

"जीवनसत्त्वेच आहेत, त्यांनी काय बिघडणार?" असे आपण सगळेच म्हणतो, म्हणून फिनलंडमधला प्रयोग तुम्हाला सांगावासा वाटतो. फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसले होते, तेव्हा त्यातले बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले तर धूम्रपान करणाऱ्यांना संरक्षण मिळेल अशी आशा होती. एकोणतीस हजारांहून अधिक पुरुषांवर कित्येक वर्षे अभ्यास झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले. फळातला एक घटक वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला की तो फळासारखाच वागेल, हे गृहीतच चुकले होते. तेव्हापासून जाहिरातीत एखाद्या घटकाचे नाव मोठ्या अक्षरात दिसले की मला हा प्रयोग आठवतो.

केसांसाठी आई घेते ते बायोटिन नावाचे जीवनसत्त्वही इथेच सांगून टाकते. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये दिला होता. रक्त द्यायला जाण्याआधी ते किती दिवस थांबवायचे हे विचारून घे, आणि प्रयोगशाळेत सांगायला विसरू नकोस.

बाबांनी कमी सोडियमचे मीठ सुरू करायचे म्हटले आहे, त्याबद्दल मात्र मी थांबा असे म्हणेन. अशा मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम घातलेले असते. चीनमध्ये सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे पक्षाघाताचे प्रमाण कमी झाले, म्हणजे कल्पना चांगलीच आहे. परंतु बाबा घेतात ते रक्तदाबाचे औषध टेल्मिसार्टन रक्तातले पोटॅशियम वाढवू शकते, आणि मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर ते साठत जाऊन हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. साध्याच मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणणे, हा तुमच्यासाठी निर्धोक मार्ग आहे. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासून डॉक्टरांनी होकार दिला, तर मीठ बदलायला माझी ना नाही.

सांध्यांच्या चूर्णाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. "दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले" असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते, ते चूर्ण मला नेमके त्याच वाक्यामुळे संशयास्पद वाटते, कारण झिजलेल्या सांध्यावर इतका झटपट परिणाम वनस्पतींचा सहसा दिसत नाही, स्टेरॉइडचा दिसतो. सांधेदुखीसाठी वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत लेबलवर न लिहिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडल्याचे अमेरिकेच्या नियामकाने २०२२ मध्ये जाहीर केले होते. स्टेरॉइडने आईची साखर भडकेल. डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ज्या पुडीवर घटक, मात्रा, उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक नाही, ती कितीही जवळच्या माणसाने दिली तरी घेऊ नका. आई, तू ते आधीच सुरू केले असशील तर मला मोकळेपणाने सांग, मी रागावणार नाही. आणि बरेच दिवस घेतले असेल तर एकदम बंदही करू नकोस, कारण स्टेरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे असते. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन या पूरकाबद्दलही तू विचारले होतेस. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकूण रुग्णांत ते नुसत्या साखरगोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाही. मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम अधिक उपयोगी पडतात, आणि ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत.

जे बिनधास्त चालू ठेवावे असेही पुष्कळ आहे. खोकल्याला मध उपयोगी पडतो, फक्त आईने त्यातली साखर हिशेबात धरावी आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही चाटवू नये. घसा दुखला की कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मळमळीला आले, बद्धकोष्ठाला भरपूर पाण्याबरोबर ईसबगोल, हे सगळे ठीक. ईसबगोल आणि औषधे यांच्यात दोन तासांचे अंतर तेवढे ठेवा. प्रथिने मात्र तुम्ही दोघेही कमी खाता असे मला वाटते. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. मूत्रपिंडाचा अहवाल ठीक असेल तर कोणतीही पावडर न आणता रोजच्या जेवणातूनच ती वाढवता येतील.

माझी विनंती एकच आहे. वहीच्या एका पानावर तुम्ही दोघे जे जे घेता ते सगळे लिहा: चिठ्ठीवरच्या गोळ्या, कॅप्सूल, काढे, रस, चूर्ण आणि अधूनमधून घेतलेली दुखीची गोळीही. प्रत्येकापुढे मात्रा आणि वेळ लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून काढ्याचा उल्लेख टाळू नका, कारण त्यांना जे ठाऊक नाही त्याचा मेळ ते चिठ्ठीशी घालू शकत नाहीत. कोणतीही शस्त्रक्रिया किंवा दात काढायचा असेल तर हे पान पुष्कळ आधी दाखवा, म्हणजे रक्तस्राव वाढवणारी पूरके वेळेत थांबवता येतील. पानाचा फोटो मला रविवारपर्यंत पाठवा. फार्मासिस्टशी बोलून वेळांचा तक्ता करून देते, आणि डॉक्टरांच्या भेटीला मी फोनवर तुमच्याबरोबर असेन. तोपर्यंत हळदीच्या कॅप्सूलची बाटली उघडू नका, आणि डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तुमची,
लेक