जिवाणू सोडता, पण ते राहणार कुठं?

संपादक साहेब,
नमस्कार. पेपरात शेतीच्या पानावर जिवाणू खतांबद्दल बरंच येतं, कुठलं एकरी किती लिटर ड्रिपमधून सोडायचं वगैरे, पण जमिनीत गेल्यावर ते जिवाणू राहणार कुठं यावर कुणीच बोलत नाही म्हणून हे लिहितोय.

मी मोहोळ तालुक्यातला, जमीन काळी भारी. चार वर्षं दर हंगामाला रोटर (ट्रॅक्टरला जोडून माती बारीक करणारं अवजार) मारला कारण रान मैद्यासारखं झालं की बघणारापण चांगलं म्हणतो. ॲझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) सगळं सोडलं, फरक काय दिसंना. मग यंदा मे महिन्यात एक ढेकूळ रानातलं घेतलं आणि एक बांधावरचं, जिथं कधी नांगर लागला नाही, गवतच असतं, आणि दोन्ही वाळवून पाण्याच्या ग्लासात टाकली. रानातलं पाच मिनिटात विरघळून गाळ झालं, बांधावरचं संध्याकाळपर्यंत तसंच. माती एकच हो, मधे दहा पावलांचं अंतर.

बांधावरचं ढेकूळ बारीक मुळ्या, बुरशीचे धागे आणि जिवाणूंनी सोडलेला चिकट पदार्थ यांनी बांधलेलं असतं. त्याच्या आत लहानमोठी छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रात वेगळी वस्ती. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तो अगदी बारीक छिद्रात जाऊन बसतो जिथं त्याला खाणारे प्रोटोझोआ (जिवाणूंपेक्षा मोठे एकपेशीय जीव) शिरूच शकत नाहीत, बुरशी मोठ्या, हवेच्या पोकळीतून धागे टाकत जाते, आणि ढेकळाच्या पोटात हवा कमी पोचते तिथं बिनहवेचे जिवाणू जगतात. म्हणजे एका ढेकळात अख्खं गाव. रोटरनं आपण ते गाव पाडतो, मग पाऊस पडला की पीठ झालेली माती दबून बसते, पाणी साचतं, हवा जाते, आणि मग बिनहवेचेच जिवाणू माजतात. ते नायट्रेटचा वायू करून उडवून देतात, म्हणजे युरियाचे पैसे हवेत. खरंतर आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, स्वतःची घडण ती स्वतःच करत असते, आपण तिला करू देत नाही.

2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, त्यात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, जस्त, लोह असे 12 घटक असतात. चांगलंच आहे ते. पण ढेकूळ पाण्यात टिकतं का याचा रकाना नाही. आणि नमुना तर ढेकळं फोडून, चाळूनच तपासतात, मग घडण कळणार कशी?

कृषी खात्याला विनंती आहे की पेरणीआधी गावोगाव बैठका होतात तिथं ही ग्लासाची चाचणी सगळ्यांसमोर करून दाखवा, याला मशीन लागत नाही की केमिकल लागत नाही. आणि तुम्ही पण एकदा फोटोसकट छापा, ही फार कळकळीची विनंती. यंदा मी दोन एकरात रोटर घातला नाही, उसाचं पाचटपण जाळलं नाही, कुट्टी करून तिथंच ठेवलं. पुढच्या मे महिन्यात त्याच जागेचं ढेकूळ परत ग्लासात टाकणार आहे, काय होतं ते तुम्हाला कळवतो.

– एक शेतकरी, ता. मोहोळ, जि. सोलापूर